बाटली नंबर सतरा

उचगावच्या पंपावर नोझल धरून
मला हे सहावं वर्ष.
गाडी थांबते, झाकण फिरतं,
आणि टाकीतनं काहीतरी वर येतं,
उन्हात थरथरतं,
पाण्यागत, पण पाणी नव्हे.
ते मी रोज आत घेतो.

मी घेतो. बाई असून घेतो.
कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो.
मेडिकल कॉलेजचा निनाद गायधनी
नाशिकचा. फॉर्मवर 'स्त्री' लिहिला
आणि दोनदा मान वर करून बघितला.

त्याच्याकडं थंड डबा, काचेच्या नळ्या.
म्हणाला, ह्या वाफेत बेंझिन असतं,
श्वासातनं रक्तात उतरतं,
पेशींना आतनं झिजवतं.
घरी सांगितलो, तर नवरा
(उद्यमनगरात लेथवर असतो)
जेवता जेवता म्हणाला,
"म्हंजे गंज. मग तेलाचा हात फिरवाय पायजे."

तर तेलाचा हात म्हणजे ह्या गोळ्या.
क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व,
नारंगी, हरभऱ्याएवढ्या,
साठ दिवस, रोज एक, जेवणानंतर.
पण निम्म्या बाटल्यांत खऱ्या
आणि निम्म्यांत नुसतं पीठ.
कुणाला कुठली, ते त्यालाही ठाऊक नाही.
"ह्यालाच अभ्यास म्हणतात, ताई."

माझी सतरा. जुबेदा बागवानची अठरा.

जुबेदा बावीस वर्षांची.
रात्रपाळी उतरली की तिला गरगरतं,
हवेच्या मशीनला धरून उभी राहते
आणि म्हणते, काय न्हाई, ऊन लागलं.
पहाटे पाचला. ऊन.

पहिले आठ दिवस आम्ही
एकमेकींच्या बाटलीकडं बघत होतो.
माझी गोळी मी चाटून बघितलो. आंबट.
तिची चाटलो. तीही आंबट.
पीठसुद्धा शिकलेलं होतं.

नवव्या रात्री, गल्ला जुळल्यावर,
ती म्हणाली, "वैनी, तुझीच खरी असणार.
तुझी सर्दी बघ की, गेली."
तिच्या आवाजात रुसवा नव्हता,
तेच मला सोसलं नाही.
दोन्ही बाटल्या मी पैशाच्या ट्रेमध्ये ओतलो,
हातानं कालवलो,
तांदळातले खडे बघतात तसं खाली वाकून
दोघींनी निम्म्या निम्म्या मोजून घेतल्या.
"आणि दोन्ही पिठाच्याच निघाल्या तर?"
"तर चपात्या लाटू."
इतकं हसलो की डिझेलवाला ट्रक
दोनदा हॉर्न मारला.

साठाव्या दिवशी निनाद आला.
रक्त घेतला, नळीवर चिठ्ठ्या डकवला,
सतरा, अठरा, अक्षर मोत्यागत.
"रोज घेतल्या ना?"
"एक बी चुकवली न्हाई."
खोटं काही बोललो नाही.

डबा बंद करता करता म्हणाला,
गोळ्या संपल्या तरी पेरू खात जा, आवळा खा.
तवा जुबेदा बोलली. ती सहसा बोलत नाही.
"साहेब, वाफ ओढून घेणारं नळकांडं असतंय म्हणं नोझलला.
मालकाला सांगा की बसवाय."
तो डब्याची कडी दोनदा लावला.
"ते आमच्या अभ्यासात येत नाही."

वाईट नाही पोरगा. जाताना
आमच्यासाठी दोन मास्क ठेवून गेला, कापडाचे.

आता जुबेदाचा मामा लक्ष्मीपुरीतनं
डागाळलेले पेरू पाठवतो, विकायला न चालणारे.
दुपारी पंप निवांत असतो तवा
ती चाकूनं चिरते, मी तिखट-मीठ लावतो.
साबणानं धुतलेल्या हाताला
तरीही पेट्रोल येतं,
पहिला घास पेट्रोलचा,
दुसरा पेरूचा.

कधी कधी निनादचा तक्ता आठवतो.
त्यात कुठंतरी दोन ओळी असतील,
एक खऱ्याची, एक पिठाची,
आणि तो कपाळाला हात लावून बसला असेल
की ह्या दोघी एकसारख्या कशा.
सांगावं वाटतं. नंबर आहे त्याचा.

एवढ्यात कुणीतरी झाकण उघडतो.
"दोनशेचं टाका, वैनी."
मी मीटर शून्यावर आणतो,
तोंड जरा बाजूला करतो.
जुबेदा पलीकडच्या नोझलला,
तीही बाजूला करते.